चारशे चौकोन

जपानहून आलेल्या फाइलीत चारशे ग्राहकांची नावं होती. प्रतीक्षाच्या स्क्रीनवर मात्र नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं. पिंपळवंडीत घरी बसून ती हेच निस्तरायची. कोणता आकडा म्हणजे कोणतं अक्षर, याचा तिकडच्या जुन्या मेनफ्रेम संगणकाचा तक्ता वेगळा, इकडचा वेगळा. तिकडचा नेमका कोणता, हे तिनं तिसऱ्यांदा मेलवर विचारलं. उत्तर आलं: क्षमस्व, ते ठाऊक असलेले गृहस्थ निवृत्त झाले.

तिनं ते वडिलांना वाचून दाखवलं. पोपटराव तीस वर्षं लेण्याद्रीला पहारेकरी होते. त्यांनी चौकोन निरखून पाहिले.

“कवाचं हाय हे?”

“कालचं.”

“आमच्या लेण्यात दान देणाऱ्याचं नाव कोरलंय,” ते चहा ओतत म्हणाले. “कोरणारा जाऊन दोन हजार वर्षं झाली. वाचता येतंय अजून.”