लोकरीचे गोळे

मुंबईत लोकर असते कोणाकडे? थंडी पडली तर आम्ही पंखा एक नंबरवर आणतो, संपलं. म्हणून क्लॅरिसने लोकरीचे गोळे करायला सांगितले तेव्हा मी तिला हसलेच.

झालं असं, की आमचे हे, चंद्रप्रकाश त्यांचं नाव, मस्कतला नोकरीला. बाळाच्या बारशाला येताना त्यांनी कपडे वाळवायचं मशीन आणलं. गोरेगावच्या आमच्या दोन खोल्यांत ते पाहुण्यासारखं ऐसपैस बसलं. सोबत सुगंधी कागदांचा डबा होता. एक कागद ओल्या कपड्यांबरोबर टाकला की सगळं मऊ निघायचं. हे परत गेले, श्रावण लागला आणि कागद संपले. मग दुपटी इतकी खरखरीत निघायला लागली, की बाळाच्या मांड्या सोलवटल्या. पोर रडायचं आणि त्याच्याबरोबर मीही.

क्लॅरिस मागच्या गावठाणातली, जुहूच्या एका हॉटेलात लाँड्रीत कामाला. तिने दोन उपाय सांगितले. फडक्यावर थोडं व्हिनेगर शिंपडून ते कपड्यांत टाकायचं, नाहीतर लोकरीचे घट्ट गोळे. व्हिनेगरला मी नाक मुरडलं. माझ्या लेकाच्या अंगाला काय लोणच्याचा वास येऊ द्यायचा?

घरात लोकर एकाच ठिकाणी होती. माझ्या सासूबाई दम्याच्या, भर मे महिन्यातही तपकिरी स्वेटर घालून बसायच्या. बाळ व्हायच्या आधीच त्या गेल्या. साड्या वाटून टाकल्या, स्वेटर तेवढा ट्रंकेत राहिला, कारण तो इथे घेणार कोण? मी तो उसवला, गोळे वळले, उकळत्या पाण्यात घालून घट्ट केले आणि मशीनमध्ये टाकले.

दुपटी जुन्या लुगड्यासारखी मऊ निघाली. बाळाला गुंडाळलं तर लगेच झोपलं. संध्याकाळी उचललं तेव्हा दुपटं अजून गरम होतं. सगळं नव्हे. पाठीखाली पंज्याएवढं आणि मानेखाली तेवढंच. बाळाची ऊब असेल, असं मी स्वतःला समजावलं. मग कपाटातलं दुसरं दुपटं उलगडलं, ज्याला बाळ लागलंही नव्हतं. तेही त्याच दोन जागी गरम होतं.

मांड्या बऱ्या झाल्या, रडणं थांबलं. पण हळूहळू बाळ माझ्याकडे येईना. मांडीवर घेतलं की अंग ताठ करायचं, दूध सोडून द्यायचं. दुपट्यावर ठेवलं की गप्प. थोडं वर, कोणाच्या तोंडाकडे बघावं तसं बघून हसायचं. गाल उतरले, हात काटकुळे झाले. मला भीती वाटत होती आणि संतापही येत होता. पोर माझं होतं.

दीर दत्ताराम भेटायला आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. स्वेटरचं ऐकून त्याने हातातला चहा खाली ठेवला.

"दहाव्याला कावळा शिवलाच नाय, वहिनी," तो म्हणाला. "दादाकडे बघू, घर सांभाळू, सगळं बोलून झालं. शेवटी दर्भाचा कावळा केला. आईचा जीव कशात अडकला होता, देवाला ठाऊक."

देवाला कशाला, मलाच ठाऊक होतं. मला दिवस गेलेत हे तेव्हा फक्त सासूबाई जाणत होत्या. तीन महिने होईस्तोवर कुठे बोलायचं नाही, असं त्यांनीच बजावलं होतं. ह्यांनाही पत्राने कळवलं नव्हतं. "पयलो माझ्या मांडयेर दी हां गो," एवढंच त्यांचं मागणं. दहाव्याला बायका जात नाहीत, आणि पुरुषांना हे माहीतच नव्हतं. पिंडापुढे ते बोलणार तरी काय?

मी भात शिजवला आणि केळीच्या पानावर वाढून गॅलरीच्या कठड्यावर ठेवला. शेजारी ते गोळे. समोरच्या बदामावर कावळे बसले होते, पण एक हलेना. बाळ घ्या, असं म्हणायची माझी छाती होईना. घेतलं आणि दिलंच नाही तर?

शेवटी सासूबाई बसायच्या तो पाट मांडला. त्यावर दुपटं घातलं, बाळाला ठेवलं आणि हात काढून घेतले.

"आई, तुमच्या मांडीवर दिलंय. डोळे भरून बघा. मग माझं मला परत द्या."

बाळ वर बघून खुदकन हसलं. कितीतरी वेळ हसत होतं. मी हात घट्ट धरून उभी होते. मग एक कावळा उतरला. त्याने भाताला चोच लावली, गोळ्यातून लोंबणारा एक धागा उपटला आणि उडून गेला. मी दुपट्याखाली हात घातला. ते गार होत चाललं होतं. बाळाने टाहो फोडला. मी उचललं तसं ते मला बिलगलं आणि अधाशासारखं प्यायला लागलं. मी ढसाढसा रडले. सुटल्याचं रडू होतं, आणि त्यांचंही वाईट वाटत होतं.

दत्तारामने गोळे खाडीत सोडले. आता मी फडक्यावर व्हिनेगर शिंपडते. घरभर लोणच्याचा वास येतो, येऊ दे. मशीनमधून काढलेलं प्रत्येक दुपटं मी आधी गार होऊ देते. पाठीच्या जागी आणि मानेच्या जागी हात लावून बघते, मगच बाळाला त्यात घेते.