पिराजी महाराजांचं सिद्धीचं बोट

मंगळवार पेठेत तालमीसमोर पन्नास-साठ माणसं ओकत होती आणि उरलेली जयजयकार करत होती. खोटं सांगत नाही, डोळ्यांनी पाहिलं.

करणी काढायला आलेल्या पिराजी महाराजांनी शेवयांच्या खिरीत सकाळी आपलं 'सिद्धीचं बोट' फिरवलं. हंडा झाकला. वैशाखाच्या उकाड्यात दुपारी प्रसाद वाटला आणि दोन-तीन तासांत लोक भडाभडा ओकायला लागले. आधी महाराजही दचकले. मग बेटा सावरला.

"पडू द्या! करणी उलटून पडतीया! पर पाण्याचा थेंब द्यायचा न्हाय. पाणी पिलं की ती परत आत बसती!"

बनाबाईच्या मांडीवर तिची चार वर्षांची हौसा. उलट्या-ढाळांनी डोळे खोल गेलेले, "आये, पाणी" एवढंच म्हणत होती. मी लालासाब, समोरच्याच दवाखान्यातला कंपाउंडर. तांब्या घेऊन धावलो.

"नगा, लालाभाई!" बनाबाईने हात धरला. "दोन लेकरं ह्या करणीनंच गेल्यात माझी. ही तरी मोकळी होऊ दे की!"

"अगं बाई, पाण्यावाचून मरंल ती!"

भक्तांनी मला ढकलून बाहेर काढलं. डॉक्टर दुसऱ्या पेठेत रोगी बघायला गेलेले; त्यांना शोधून घेऊन परतलो, तोवर हौसा गेली होती. दवाखाना वीस पावलांवर होता हो!

डॉक्टरांनी विचारलं, "खीर कुणी केली?"

"म्या," पेठेतली म्हातारी बयाबाई रडत म्हणाली. "निवदाआधीच नातवाला वाटीभर दिली, भुकेजलं हुतं. मग परसाद खाल्लाच न्हाय त्यानं. माझ्याच पापानं झालं."

"महाराजांनी बोट घालायच्या आधी?"

"व्हय."

नातू समोर गोट्या खेळत होता, ठणठणीत. डॉक्टरांनी महाराजांचा हात धरला, बोटावरचं भगवं फडकं ओढून काढलं. आत नखुरडं. पू वाहत होता.

"ही तुमची सिद्धी! या पुवातले जंतू कोमट दुधात दुपारपर्यंत वाढले. त्यांचं विष खीर परत उकळली तरी जात नाही."

"पोरीची करणीच जड हुती," गर्दीतलं कुणीतरी म्हणालं. संताप संताप झाला माझा.

लोकहो, बोटाला जखम असली तर अन्नात हात घालू नका, मग तो हात महाराजांचा का असेना. हात धुवा. दुधाचे पदार्थ उन्हाळ्यात तासन् तास झाकून ठेवू नका. आणि ओकणाऱ्याला मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजा, दवाखाना गाठा.

तेराव्याला बनाबाई दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसली. "लालाभाई, तुमचं पाणी पाजलं असतं तर जगली असती का वो?"

मला खोटं बोलता आलं नाही.