काका संपत आले

“तुझ्या अंगाला वास येतो, तो कसला गं?”

देविकानं विचारलं आणि ट्यूशनच्या जिन्यात तिच्या मागं उभ्या असलेल्या मुलींनी श्वास रोखून धरला. पैज मालविकाची होती. लुंबिनीला तोंडावर विचारून दाखव, मग मानू तुला. आणि देविका हल्ली कुठल्याच पैजेला नाही म्हणत नसे. दहावीत आल्यापासून तिला कंठ फुटला होता; प्रार्थनेला, स्नेहसंमेलनाला, झेंड्याला, जिथं माइक तिथं ती.

लुंबिनी खालच्या पायरीवर बसून चपलेचा निसटलेला अंगठा बसवत होती. तिनं वर पाहिलं.

“राकेलचा,” ती म्हणाली. “सकाळी स्टो भडकला. का गं, तुझ्याकडं पिन हाय का?”

मग जिना हसला, वरपासून खालपर्यंत. आणि देविकाच्या ध्यानात आलं की हसणं चुकीच्या मुलीवर चाललंय.

“पिन न्हाई वाटतं,” म्हणत लुंबिनीनं अंगठा बसवला, दप्तर उचललं आणि ती गेली.

“चल, पैज जिंकलीस,” मालविका डोळे पुसत म्हणाली. “पण तोंड बघ तुझं! बिनराकेलाची जळतेयस तू.”

खोटं नव्हतं ते. लुंबिनी जूनमध्ये किल्लारीहून आली. भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावातनं, एक पत्र्याची ट्रंक आणि एक स्टोव्ह घेऊन. लातूरला तेव्हा चहूकडून मुलं येत होती. ज्याच्या घरात रिकामी खोली त्यानं ती भाड्यानं दिलेली, आणि ज्याला गणित येतं त्यानं फळा टांगलेला. त्या गर्दीत एक पोरगी आली म्हणून कुणाचं काय बिघडायचं? पण ती नेमकी देविकाच्या वर्गात आली, देविकाच्या गल्लीच्या टोकाला मैत्रिणीबरोबर राहू लागली, आणि ट्यूशनच्या पहिल्याच परीक्षेत देविकाच्या वर गेली. तेही चाललं असतं. गणिताचं देविकाला फारसं दुःख नव्हतं. दुःख बाबांचं होतं.

बाबा म्हणजे शरदचंद्र सर. शाळेत मराठी शिकवायचे आणि वक्तृत्वाची मुलं तयार करायचे. कौतुकाच्या बाबतीत माणूस भलताच चिक्कू. देविकानं ढाल आणली तरी “बरं झालं, पण ‘ण’ सांभाळ” इतकंच. आणि त्या दिवशी जेवताना, वरणाची वाटी हातात धरून, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले,

“ती लुंबिनी बोलते ना, तेव्हा शब्द जागेवर बसतात.”

देविकानं घास ताटात परत ठेवला. ती इतकी वर्षं बोलत होती. तिचे शब्द मग काय उभेच होते?

“बाबा, ती ‘नाही’ला ‘न्हाई’ म्हणते.”

“म्हणू दे. खरं म्हणते.”

आई ओट्याकडं वळून सिलिंडर हलवून पाहत होती. “काका संपत आले,” ती म्हणाली. “नंबर लावा उद्या.”

हे त्यांच्या घरातलं बोलणं. गॅसचं कनेक्शन राघवेंद्रकाकांचं. रेल्वेत होते, मुदखेडला बदली झाली तेव्हा शेगडी-सिलिंडर इथंच ठेवून गेले. तेव्हापासून सिलिंडर आला की “काका आले” आणि संपला की “काका संपले”. एकदा एक नवी शेजारीण हे ऐकून रडवेल्या तोंडानं भेटायला आली होती. त्यावर घर महिनाभर हसत होतं.

शाळेच्या वादविवाद स्पर्धेचा विषय फळ्यावर लागला: ‘रॉकेल व गॅसवरील सवलत सरकारने बंद करावी.’ पेपरात रोज तेच चाललं होतं. दिल्लीत समित्या बसत होत्या, चौकात मोर्चे निघत होते. चिठ्ठ्या टाकल्या. देविकाला ‘बाजूने’ आली, लुंबिनीला ‘विरोधात’. दोघींतली एकच नांदेडला विभागीय फेरीसाठी जाणार होती. बाबा मुलांना घेऊन दर वर्षी नांदेडला जात, एसटीच्या खिडकीशी बसून वाटभर कविता म्हणत. देविकाला त्या खिडकीशेजारची जागा हवी होती. ढालीपेक्षा जास्त.

तिनं पंधरवडाभर पेपर कापले. डिझेलमध्ये रॉकेलची भेसळ, रॉकेलवर पळणाऱ्या जिपा, गरिबाच्या नावानं उचललेला आणि गरिबापर्यंत न पोचलेला कोटा. बाबांना काही विचारलं नाही. लुंबिनी मात्र मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दाराशी उभी राहून सरांशी बोलताना दोनदा दिसली. दोन्ही वेळा बाबा हसत होते.

स्पर्धेच्या दिवशी परीक्षक बाहेरून आले. बाबांनी, मुलगी स्पर्धेत आहे म्हणून, फक्त वेळेची घंटी हातात घेतली. पालकांच्या पहिल्या रांगेत आई, उमाबाई, नव्या साडीत.

देविका छान बोलली. आवाज लागला होता, हात मोकळे सुटले होते. “ज्याच्या घरी गॅस आहे त्याच्या रेशनकार्डावर शिक्का बसतो आणि रॉकेल बंद होतं. नियम चांगला! पण माणसं काय करतात? गॅस ठेवतात दुसऱ्याच्या नावावर, कार्ड ठेवतात कोरं आणि रॉकेल उचलतात रांगेत उभं राहून! ही सवलत नव्हे, ही सभ्य लोकांची उचलेगिरी आहे!” सभागृह टाळ्यांनी कडाडलं. तिनं बाबांकडं पाहिलं. बाबा घंटीकडं पाहत होते.

मग लुंबिनी उठली. माइक तिच्या उंचीला जरा वर होता; तिनं तो खाली केला नाही, थोडं लांब उभी राहिली.

“भूकंपानंतर आम्ही पत्र्याच्या शेडात राहत होतो,” ती म्हणाली. “लेकरं अंधारात झोपत नव्हती. डोळे मिटले की घर पडतंय असं वाटायचं. म्हणून सगळ्या शेडांनी मिळून ठरवलं, एक कंदील रात्रभर विझू द्यायचा न्हाई. आज ह्याच्या घरचं तेल, उद्या त्याच्या. ते तेल रेशनचं होतं.” ती थांबली. “गळती हाय, मला मान्य हाय. पण नळ गळतो म्हणून कुणी विहीर बुजवत न्हाई.”

टाळ्या उशिरा आल्या, आणि आल्या त्या थांबेनात. देविका पेटली. हिच्याकडं भूकंप तरी होता! आपल्या घरात त्या पहाटे काय झालं, तर लोणच्याची एक बरणी फुटली. त्यावर कोण टाळ्या देणार? असं आपण मनात म्हणालो, याची तिला लाज वाटली, आणि लाजेनं ती आणखीच पेटली.

शेवटी एकमेकींना एकेक प्रश्न विचारायचा होता. देविका पुढं आली.

“गळती मान्य आहे म्हणतेस. मग सांग, कुठं होते? असं एक घर तरी तुला माहीत आहे? नावानिशी सांग. एकच.”

लुंबिनीनं तोंड उघडलं. तिची नजर पहिल्या रांगेकडं गेली, तिथून घंटीकडं, आणि पायाशी येऊन थांबली. चपलेचा अंगठा पुन्हा निसटला होता.

“सांगता येत न्हाई,” ती म्हणाली.

“येत नाही, की नाहीच?”

“येत न्हाई.”

हॉलमध्ये खसखस पिकली. बाबांनी घंटी वाजवली, जरा लवकरच.

निकाल देविकाचा लागला. मालविकानं तिला उचलून गरगर फिरवलं. आईनं फक्त “चला, उशीर होतोय” म्हटलं आणि घरापर्यंत पदर खांद्यावर ओढून घेत मान खाली घालून चालली. बाबा सायकल हातात धरून मागं. देविका वाट पाहत होती. कोपरा आला, पिठाची गिरणी आली, फाटक आलं. शब्द जागेवर बसले, असं कुणी म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं डब्यात पेढे घेतले आणि ती लुंबिनीच्या खोलीवर गेली. अभिनंदनाचे पेढे हरलेल्या माणसाला नेऊन देण्यात काय गोडी असते, ते ज्याला ठाऊक त्याला ठाऊक.

लुंबिनी स्टोव्हशी उकिडवी बसली होती. टाकीत तेल भरत होती, नरसाळं लावून, थेंब सांडू न देता. “ये की,” ती म्हणाली. “बस. ट्रंकेवर बस.”

देविका बसली. पेढ्याचा डबा तिनं पुढं केला आणि तो तसाच हातात राहिला. लुंबिनीच्या शेजारी तेलाचा पांढरा कॅन होता. झाकण हरवलेला. झाकणाच्या जागी बोळा होता, निळ्या-पांढऱ्या चौकड्यांच्या कापडाचा. देविकाच्या पाचवीतल्या फ्रॉकचा. त्यावर काज अजून शाबूत होतं.

“हा कॅन,” देविका म्हणाली.

“काकूंचा. रिकामा झाला की परत नेऊन देते मी.”

“कुठल्या काकूंचा?”

लुंबिनीनं नरसाळं झटकलं. “तुझ्या आईचा. आम्हा परगावच्या पोरींना इथं कार्ड कुठाय? काकू तुमच्या कार्डावरचं देतात. रेशनच्या भावानं, एक पैसा जास्त घेत न्हाईत. मागच्या दारी येऊन घेऊन जाते.”

“पण आमच्याकडं तर गॅस—”

आणि मग ती थांबली. काका आले. काका संपले. इतकी वर्षं हसत आलेलं ते वाक्य तिच्या डोक्यात सरळ उभं राहिलं. गॅस काकांचा. कार्ड बाबांचं, कोरं करकरीत. काल तिनं माइकवर आपल्याच घराचं वर्णन केलं होतं, हातवारे करून.

“तुला माहीत होतं,” ती म्हणाली. “काल. मी विचारलं तेव्हा.”

“हाव.”

“मग सांगितलं का नाहीस? जिंकली असतीस! नांदेडला गेली असतीस!”

लुंबिनीनं स्टोव्हला पंप मारला. काडी ओढली. ज्योत आधी पिवळी उसळली, मग निळी होऊन बसली.

“अन् मग आज भात कशावर लावला असता?” ती म्हणाली. थोड्या वेळानं, पातेलं चढवता चढवता, हळू आवाजात: “घंटी सरांच्या हातात होती गं.”

देविका पेढे ठेवून उठली. उंबऱ्यात तिला एकदम आठवलं. “मागच्या दारी का येतेस तू?”

“काकू तिथंच देतात.”

“आत नाही बोलावलं कधी?”

“काम कॅनचं असतं की,” लुंबिनी म्हणाली, आणि भाताला पाणी किती ते बोटाच्या पेरानं बघू लागली.

घरी येईपर्यंत देविकानं स्वतःशी खूप भांडण केलं. जिंकून झालं होतं आणि हातात काही नव्हतं. ती मुलगी हरतानासुद्धा वर राहिली. गप्प बसली तरी तिचे शब्द जागेवर बसले. याचा राग यावा, की आणखी कशाचा, हे तिला ठरवता येईना. रागच आला. पण या वेळी तो तिला बोलायला लावत होता, आणि बोलणं तिला येत होतं.

बाबा पाटावर बसले होते. आई तव्यावरची भाकरी उलटत होती. ज्योत बारीक झाली होती.

“काका संपत आले,” आई सवयीनं म्हणाली.

“मी ठरवलंय,” देविका म्हणाली. उभ्यानंच, माइक असल्यासारखी. “सोमवारी मी आणि बाबा रेशन दुकानात जाणार. कार्डावर गॅसचा शिक्का मारून आणणार. काकांचं कनेक्शन बाबांच्या नावावर करायचं.”

बाबांनी वर पाहिलं.

“अगं, पण त्या पोरीच्या तेलाचं?” आई म्हणाली. “मी काय विकतेय का ते? तिच्याचसाठी उचलते. परीक्षा तोंडावर आलीय तिची.”

“तिला तेल लागणारच नाही. ती आपल्याकडं स्वयंपाक करील. इथं. ओट्यावर, आपल्या गॅसवर. ती आणि तिची मैत्रीण, दोघी. रोज. पुढच्या दारानं येतील.”

शिक्क्यावर आई बोलली होती. यावर बोलली नाही. उलथनं तिच्या हातात तसंच राहिलं, आणि भाकरीच्या कडेनं धूर निघू लागला. बाबा आईकडं पाहत होते. आई ओट्याकडं, आपल्या घासूनपुसून ठेवलेल्या, कुणी परक्यानं कधी हात न लावलेल्या ओट्याकडं.

“उमा,” बाबा हळूच म्हणाले, “भाकरी.”

देविकानंच पुढं होऊन शेगडी बंद केली. मग ती येऊन बाबांच्या शेजारच्या पाटावर बसली, मांडी घालून, चांगली ऐसपैस.

“आणि एक,” ती म्हणाली. “नांदेडला मीच जाणार. आणि लुंबिनी इथं जेवली तरी ह्या पाटावर मीच बसणार. तेही ठरलंय.”