मला थांबता येत नाही

मित्रांनो, मी हाताने मूठ फिरवून चालवायचं एक जुनं गणकयंत्र आहे. मला स्वस्थ बसवत नाही. मूठ फिरली नाही की आतली चाकं आंबून जातात.

हॉलंडच्या किनाऱ्यावर भरतीचा हिशोब करणाऱ्या कचेरीत मी सीत्स्केच्या टेबलावर होतो. मला तेल घालून ती म्हणायची, "माझा राजा कधी चुकत नाही!" मी फुलून जायचो.

एके दिवशी वादळाची खबर आली. बांधाआडच्या सखल वस्तीतली घरं रिकामी करायची का, हे आमच्या आकड्यावर ठरणार होतं. त्या वस्तीत सीत्स्केची आई राहायची. आमची रीत अशी, की खाडीचे तुकडे पाडायचे आणि दर पाच मिनिटांनी प्रत्येक तुकड्यात पाणी किती चढेल ते काढायचं. घाईपोटी सीत्स्केनं पाच मिनिटांऐवजी एकदम तासातासाची उडी घेतली. मी गरगर फिरलो आणि आकडे वेडेपिसे झाले. पाणी चर्चच्या मनोऱ्यावर, लगेच खाडीच्या तळाखाली!

"अगं बाई, मेलं यंत्रच बिघडलं!" ती ओरडली. मला फार लागलं ते.

विद्यापीठातून नुकताच आलेला रुलोफ पुढे झाला. "यंत्र नाही, उडी चुकली तुझी. तासाभरात पाणी तो तुकडा ओलांडून पार पुढं जातं. तू मात्र त्याला तिथंच धरून बसलीयस."

"मोठा शहाणा! मग फिरव की तूच!"

त्यानं मूठ अर्ध्यातूनच उलटी वळवली. माझे दाते कडकडले.

"अरे, मारशील त्याला! सरक तिकडं. उडी केवढी घ्यायची ते सांग, फिरवते मी."

पुन्हा पाच-पाच मिनिटांची उडी घेतली, तसे आकडे शहाण्यासारखे वागू लागले. संध्याकाळी उत्तर आलं, पाणी बांधावरून जाणार. सीत्स्केची आई किटली कवटाळून कचेरीत आली. "एवढ्याशा वाऱ्याला घाबरून मला उठवलंत!" म्हणून कुरकुरत बसली. पहाटे तिचं स्वयंपाकघर पाण्याखाली होतं.

पुढे विजेची यंत्रं आली. आता मी सीत्स्केच्या खिडकीत फुलझाडाशेजारी धूळ खातो, आणि जीव नुसता तळमळतो. मित्रांनो, मला पुसा, तेल घाला, फिरवा. पण पाणी मनोऱ्यावर चढलं, तर माझ्या नावानं बोटं मोडू नका. मला थांबता येत नाही. थांबून "असं का झालं?" विचारणं तुमच्याकडेच आहे.