शिरूरच्या घायपाताने धरलेलं विमान

मी एक जुना, घायपाताचा दोर आहे, आणि मी एकट्याने विमान धरून ठेवलं होतं. बघा, हसलात! कुणालाच हे खरं वाटत नाही. पण मित्रांनो, आज ऐकूनच घ्या. कारण दौंडच्या या घरात रूथबाई विळ्याला धार लावत बसल्या आहेत. माझे दोन तुकडे करून त्यांना कपडे वाळत घालायचे आहेत.

माझा जन्म शिरूरचा. मिशनच्या आवारात योसेफमास्तरांनी घायपाताची पानं कुजवली, ठेचली आणि वाख पिळून मला वळलं. कुजवणाच्या त्या वासाने घोडनदीतले मासे पायी पारनेरला निघून गेले होते. मास्तरांचा मुलगा एडविन, म्हणजे या रूथबाईंचा धाकटा भाऊ, हवाई दलात निघाला तेव्हा मास्तरांनी माझ्याने त्याची वळकटी आवळली. म्हणाले, "बूट नवे घे, गादी नवी घे. दोर मात्र हाच ठेव."

मग अंबाला झालं, जोधपूर झालं. एडविनसाहेबांच्या खांद्यावरच्या पट्ट्या वाढत गेल्या आणि माझे पीळ सैल होत गेले. इतर साहेबांच्या सामानाचे कातडी पट्टे मला 'गावठी' म्हणत. मी ऐकून घेई.

१९५६ च्या वैशाखात साहेब छोटं विमान घेऊन पुण्याकडे येत होते. तेव्हा ते स्क्वाड्रन लीडर होते आणि वरच्या हुद्द्यासाठी त्यांचं नाव गेलं होतं. वाटेत इंजिन बंद पडलं. दौंडजवळच्या माळावर विमान नीट उतरलं खरं, पण तेवढ्यात वादळ सुटलं. विमान उलटलं असतं तर चौकशी, ठपका, आणि पुढची वाट कायमची बंद. साहेबांनी वळकटीवरून मला सोडलं. एक टोक पंखाखालच्या कडीला, दुसरं बाभळीला.

शेजारच्या वावरातून सोपानराव नावाचे शेतकरी धावत आले. "सायेब, सुरगाठ नगा मारू! निरगाठ मारा. ह्ये काय शेरडू हाय व्हय?"

"मामा, जन्मभर हीच गाठ मारतोय," साहेब म्हणाले. शिरूरला घरी शेळ्या सुरगाठीनेच बांधत, एका ओढीत सुटाव्यात म्हणून. हात तेच शिकलेला.

आणि काय तो वारा! एक कावळा तासभर एकाच जागी उडत होता. दौंडच्या यार्डातले डबे इंजिनाशिवाय पाटसला जाऊन आले. पण मी? तसूभर हललो नाही. साहेब बांधावर बसून सोपानरावांच्या घरचा चहा बशीतून पीत होते. मधेच म्हणाले, "शाबास रे दोरा!" म्हणून तर ते आज ग्रुप कॅप्टन आहेत. तेव्हा मित्रांनो, ज्याने एवढा भार तोलला त्याला म्हातारपणी जपावं. त्याच्यावर विळा...

"लबाडा!" रूथबाईंचा हात थांबला. "म्हनं बशीतून चहा पीत व्हता! तुझी गाठ पयल्याच झोताला सुटली. एडविननं बाभळीला येढा दिला, तुला हाताला गुंडाळलं आन् वारा पडंस्तवर तसाच उभा ऱ्हायला. त्याच्या तळहाताला हळद मी लावलीया. तुझ्या पिळात अजून त्याचं रगत हाय... आन् मी येडी, तुला कापाया बसले."