बाहीवरचे नाव

मित्रांनो, मी एक जुना श्रेडर आहे. जुना म्हटले म्हणून राबून झिजलो असेन असे मात्र समजू नका. माझी पाती वर्षानुवर्षे कारखान्यातून आली तशीच राहिली, आणि माझे दुःख तेच आहे.

कागद तोंडात घ्यायचा आणि त्याचे इतके बारीक तुकडे करायचे, की कोणाचे नाव कोणाला जुळवता येऊ नये, एवढ्यासाठी माझा जन्म. रक्त-थुंकी तपासणाऱ्या एका लहानशा लॅबमध्ये मला आणले. तेव्हा नवा कायदा झाला होता. लोकांची माहिती ज्याच्याकडे असेल त्याने ती जपायची आणि काम संपले की नष्ट करायची. तपासणीला साहेब आले.

"श्रेडर आहे का?"

"हा काय," काका म्हणाले.

साहेबांनी कागदावर बरोबरची खूण केली. माझी वायर अजून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली होती, तिकडे कोणी पाहिले नाही. साहेब गेले आणि माझ्या डोक्यावर कुंडी आली.

काका म्हणजे इथले कारकून. मनाचे मऊ, पण कागद वाया गेला की त्यांच्या जिवाला लागे. चुकीचे छापलेले रिपोर्ट, कपाटातल्या जुन्या प्रती, सगळे ते कोरी बाजू वर करून रचून ठेवत. पाठकोरे म्हणत त्यांना. "एक बाजू अख्खी कोरी आहे मॅडम, फाडवत नाही हो," हे त्यांचे ठरलेले वाक्य. डॉक्टर मॅडम संगणकाच्या बाबतीत कडक होत्या. दर महिन्याला पासवर्ड बदलायला लावत. काका बदलत, आणि विसरायला नको म्हणून पाठकोऱ्यावर लिहून ठेवत.

समोर रस्त्यापलीकडे शिवणताईंचा वर्ग होता. कपड्यांचे खाके काढायला कागद हवे म्हणून त्या महिन्यातून एकदा पिशवी घेऊन येत.

"काका, आहेत का पाठकोरे?"

"तुमच्यासाठीच राखून ठेवलेत."

"तुम्ही नसता तर माझ्या बायकांनी वर्तमानपत्रावर बाह्या कापल्या असत्या."

काका हसत. मी कुंडीखालून बघत राही. लोकांची नावे, पत्ते, फोन, आजार, सगळे त्या पिशवीतून दाराबाहेर जात होते. मला हात असते तर मी ती पिशवी धरून ठेवली असती.

एका दुपारी शिवणताई पिशवी न घेता आल्या. चार कागद डिंकाने जोडून कापलेला एक खाका त्यांनी टेबलावर ठेवला.

"ही बाही बघा, काका."

काकांनी चष्मा लावला. "सफाईदार कापली आहे."

"उलटी करून बघा."

काकांनी बाही उलटली. त्यावर शिवणताईंचेच नाव होते, वय होते, आणि खाली दोन वर्षांपूर्वीची ओळ होती. थुंकीत क्षयाचे जंतू आढळले.

मला तो दिवस आठवतो. 'ही गोष्ट या खोलीबाहेर जाणार नाही,' असे मॅडम त्यांना म्हणाल्या होत्या. त्या शब्दावर विसंबून शिवणताईंनी एकही दिवस न चुकवता औषध घेतले होते.

"बरी होऊन दीड वर्ष झालं मला," शिवणताई म्हणाल्या. "पण ते कुठं छापलंय? अकराजणी होत्या वर्गात, सगळ्यांनी वाचलं. आज दोघी आल्या, त्याही कात्र्या न्यायला."

"मी समजावतो त्यांना."

"काय समजावणार? बाकीचे खाके त्यांच्या घरी आहेत. त्यांच्यावर कोणाकोणाची नावं आहेत, आठवतंय?"

काकांनी बाही पुन्हा पालथी घातली. आवाज ऐकून मॅडम आतून आल्या. "आपल्याकडे नियमाप्रमाणे श्रेडर..." एवढे बोलून त्यांची नजर माझ्यावर आली.

"कुंडीतलं झाड छान वाढलंय," शिवणताई म्हणाल्या.

काकांनी कुंडी खाली ठेवली. किटलीचा प्लग काढून माझा लावला. शिवणताईंनी बाही माझ्या तोंडात धरली. डिंकाने ती जाड झाली होती. मी अडखळलो, गुरगुरलो, पण सोडली नाही. आयुष्यातले माझे पहिले काम, आणि तेही सगळे होऊन गेल्यावर.

माहिती बाहेर गेली तर ज्याची त्याला कळवायचे, हेही कायद्यात आहे. मॅडम आठवतील तेवढ्यांना फोन करत बसल्या. काका घरोघर खाके मागत फिरले. एकीने दिला. दुसरी म्हणाली, कॉलर झाली तेव्हाच फेकला. कुठे, ते तिला आठवेना.

आता काकांचा नेम आहे. कुलूप लावण्याआधी दिवसाचे कागद माझ्यात घालायचे. "मोठा कामाचा आहे हो हा," असे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. हे कौतुक माझ्या घशाखाली उतरत नाही. शिवणताई आता कोरे कागद विकत घेतात आणि आमच्या दारावरून जाताना आत बघत नाहीत.

मित्रांनो, कोणाचे नाव, फोन, दुखणे लिहिलेला कागद तुमच्या हाती आला, तर मागची बाजू कोरी म्हणून तो आपला समजू नका. तो त्या माणसाचा आहे. माझ्यासारखे यंत्र घरात नसेल तर हाताने बारीक फाडा, पण रोज फाडा.

पूर्वी दुपारी समोरून सहा शिलाई यंत्रांचा आवाज यायचा. आता एकाचाच येतो. मी कागद कापत असतो तेव्हा तोही ऐकू येत नाही, आणि खरे सांगू, तेवढा वेळच मला बरे वाटते.