डाव्या बाजूचा ब्रेक

मी ब्रेक बोलतोय. पण गाडी चालवणाऱ्याच्या पायाखालचा नव्हे, त्याला सगळे ओळखतात. मी डाव्या बाजूचा, शिकवणाऱ्याच्या पायाखालचा ब्रेक. दिग्रसला मारोतरावांचं गाडी शिकवण्याचं दुकान आहे, त्यांच्या पांढऱ्या गाडीत मी राहतो. माझ्याबद्दल कोणी कधी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही लपूनच राहिलो. पण आता पोटात ठेवणं जड जातंय.

माझा जन्म कंपनीत झाला नाही. गाडी नवी आली तेव्हा तिला एकच ब्रेक होता. मारोतरावांनी ती वेल्डिंगच्या दुकानात नेली. तिथे बाबुलाल मिस्त्रीने लोखंडाची एक पट्टी कापली, वाकवली, वर रबराचा तुकडा बसवला आणि जाड सळईने मला पलीकडच्या ब्रेकला जोडून टाकलं. हात पुसत तो म्हणाला, "आता हे दोघं जुळे भाऊ हायेत. एकाले दाबलं का दुसरा आपोआप खाली जाते."

त्या दिवशी मला फार अभिमान वाटला. शिकाऊ माणूस चुकला तर जीव वाचवणारा मी! दसऱ्याला मारोतराव गाडी धुवायचे, स्टेअरिंगला हळदकुंकू लावायचे, चाकाखाली लिंबू ठेवायचे आणि खाली वाकून झेंडूचं एक फूल माझ्यावरही ठेवायचे. "खरा मालक तूच बावा," असं म्हणायचे. मी फुगून जायचो.

मारोतराव माणूस वाईट नाहीत, हे आधीच सांगतो. कोणावर खेकसणं त्यांना जमत नाही. दुसरे शिकवणारे शिकाऊ माणसाला गाढवात काढतात, हे मात्र "वा, मस्त!" शिवाय बोलायचे नाहीत. समोर बकरी आली, बैलगाडी आडवी झाली, की शिकणाऱ्याच्या ध्यानात यायच्या आत त्यांचा पाय माझ्यावर पडायचा. हळूच. गाडी अलगद थांबायची. शिकणाऱ्याचा पाय पलीकडच्या ब्रेकवर नुसता टेकलेला असायचा. आणि मारोतराव म्हणायचे, "वा! काय टायमावर ब्रेक मारला तुमी!"

शिकणाऱ्याचा चेहरा उजळायचा. त्याला खरंच वाटायचं, आपणच मारला. माणसाला कौतुक इतकं हवं असतं, की ते कशाचं चाललंय हे तो तपासून बघत नाही.

परीक्षेच्या दिवशीही तेच. साहेब मैदानात वही घेऊन उभे, मारोतराव डावीकडे, त्यांचा पाय माझ्यावर. पांढऱ्या रेषेवर गाडी बरोब्बर थांबायची. पास झालेले पेढे आणायचे, स्टेअरिंगला नमस्कार करायचे. मी खाली अंधारात बसून हसायचो. तुम्ही कसले पास, पास तर मी झालो!

एकदा राजदीप नावाचा एक दुकानदार परवाना मिळाल्यावर आठवड्याने आला. नव्या गाडीचं नाक स्वतःच्याच फाटकावर आपटून आला होता. "ब्रेक लागलाच नाही जी," म्हणे. शोरूमवाल्याशी भांडूनही झालं होतं. सगळे हसले. मीही हसलो. फाटकाच्या जागी माणूस असता तर, हा विचार तेव्हा माझ्या मनाला शिवला नाही. आज शिवतो, आणि शिवला की मला कुठे तोंड लपवावं कळत नाही.

मग बेबीताई आल्या.

वय अठ्ठेचाळीस. पहिल्या दिवशी गाडीत बसताना त्यांनी चप्पल बाहेरच काढून ठेवली, देवळात जावं तशी. मारोतराव म्हणाले, "ताई, चप्पल राहू द्या नं पायात." त्या म्हणाल्या, "नाई भाऊ, पायाले काई समजलं पायजे." किती खरं बोलल्या होत्या, आणि मी पुढचा दीड महिना त्यांच्या पायाला काहीएक समजू दिलं नाही.

त्यांचे यजमान पुंडलिकराव एसटीत ड्रायव्हर होते. एकतीस वर्षं उमरखेड, वणी, कुठे कुठे गाडी नेली, एक अपघात नाही. निवृत्त झाल्यावर हौसेने एक छोटी गाडी घेतली. पण साखरेने आधी त्यांचे डोळे नेले, मग मूत्रपिंडं. आता आठवड्यातून दोनदा यवतमाळला डायलिसिसला जावं लागतं. मुलगा पुण्याला. गाडी अंगणात ताडपत्रीखाली, आणि पुंडलिकराव एसटीत. येताना अंगात त्राण नसतं. एकदा परतीची गाडी चुकली तेव्हा ते स्टँडवर फरशीवरच आडवे झाले. येणारेजाणारे त्यांना ओलांडून जात होते. त्याच स्टँडवर एके काळी कंडक्टर त्यांना वाकून रामराम करायचे.

हे बेबीताईंनी गाडी चालवता चालवता मारोतरावांना सांगितलं होतं. "त्याच दिवशी ठरवलं भाऊ. आता मी शिकतो म्हनजे शिकतो."

दीड महिना त्या रोज आल्या. पुसदच्या रस्त्यावर आम्ही जायचो. रस्ता ओलांडणाऱ्या बकऱ्या होत्या, कापसाच्या गाड्या होत्या, एकदा एक नवरदेव घोड्यासकट आडवा आला. दर वेळी मारोतरावांनी मला दाबलं आणि दर वेळी "वा ताई!" म्हटलं. घरी जाऊन त्या नवऱ्याला सांगायच्या, आज इतक्यांदा ब्रेक मारला, एकदाही चुकला नाही. दुसऱ्या दिवशी आम्हाला तेही सांगायच्या. "हे म्हनते, माह्यापेक्षा तुहा पाय हलका हाय."

पाय हलका असणारच. त्यावर काही वजन पडलंच नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी पुंडलिकरावही आले. काठी घेऊन कडुनिंबाखालच्या बाकावर बसले. मैदानात चुन्याने रेषा मारल्या होत्या, कडेला रिकामे ड्रम ठेवले होते. त्या वेळी परीक्षा घ्यायला नव्या मॅडम होत्या. त्यांनी गाडीचं डावं दार उघडलं आणि मारोतरावांना म्हणाल्या, "तुम्ही उतरा. बाहेर थांबा. इथे मी बसणार."

मारोतराव उतरले. उतरताना त्यांचा पाय माझ्यावरून निघाला. मॅडमनी आपले पाय सीटखाली ओढून घेतले. आयुष्यात पहिल्यांदा परीक्षेला मी मोकळा होतो.

बेबीताईंनी आठाचा आकडा छान काढला. मला वाटलं, निभावलं. मग समोर शेवटची पांढरी रेषा आली. त्यांनी रोजच्यासारखा पाय ब्रेकवर टेकवला. नुसता टेकवला. गाडी थांबेना. त्या वाट पाहत होत्या, अलगद थांबायची. रेषा गेली. ड्रम आला, धडामकन आडवा झाला आणि गडगडत सुटला. त्यापुढे कडुनिंब, बाक आणि बाकावर पुंडलिकराव.

मॅडमनी मला खच्चून दाबलं.

मी खाली गेलो आणि पलीकडच्या भावालाही खाली ओढलं. बेबीताईंच्या पायाखालून ब्रेक आपोआप सरकला. गाडी थांबली. बाक अजून दोन हात लांब होता.

बेबीताईंनी आधी आपल्या पायाकडे पाहिलं. मग मॅडमच्या पायाकडे. मग सरळ माझ्याकडे. इतक्या वर्षांत शिकणाऱ्या माणसाने माझ्याकडे पाहिल्याचं हे पहिल्यांदाच.

"हे तं रोज असंच होये," त्या हळूच म्हणाल्या. "पायाखालून असंच जाये."

"मग रोज ब्रेक कोण मारत होतं?" मॅडमनी विचारलं.

"मले वाटलं, मीच."

मॅडम रागावल्या नाहीत. कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "शिकून या, ताई. पुढच्या महिन्यात पुन्हा परीक्षेचा कॅम्प आहे." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. बाहेर रांगेतली पोरं हसत होती. बेबीताई पदराने तोंड पुसत उतरल्या. मला त्या क्षणी वाटलं, बाबुलालने ती पट्टी कापलीच नसती तर किती बरं झालं असतं. मी जीव वाचवणारा म्हणवत होतो. आणि आज त्यांच्याच नवऱ्याचा जीव त्यांच्या पायांनी जायची वेळ मी आणली होती. शेवटी वाचवलाही मीच, पण त्याचा आनंद मानायला मला तोंड नव्हतं.

घरी जाताना मारोतराव चालवत होते, नवराबायको मागे. मग पुंडलिकराव म्हणाले, "ड्रम पडला तो तुह्यानं?"

"हो."

"मले दिसत नाही, पन आयकू येते. ब्रेकचा आवाज लय उशिरा आला. आन तो तुहा नव्हता."

बेबीताई रडू लागल्या. मारोतराव आरशात पाहायचं टाळत म्हणाले, "चूक माही हाय जी. मानूस एकदा भेला का पुन्हा गाडीत बसत नाही, म्हनून मी सांभाळून घेतो. ताईले भेवाडाले मन होत नव्हतं."

"तिले भेवाडाचं काम मी पयलेच करून ठेवलं, मारोतराव," पुंडलिकराव म्हणाले. "वीस वर्सांपयले ही लुना शिकतो म्हने. मी म्हनलं, घरात एक डायवर पुरे हाय. तवा शिकू देलं असतं तं आज हे दिवस नसते." मग म्हणाले, "उद्यापासून शिकवा. मी मांगं बसतो. फक्त तुमी पाय वर घ्या."

"म्हनजे?"

"मांडी घालून बसा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मारोतराव खरंच सीटवर मांडी घालून बसले. गुडघे दुखतात म्हणून कण्हत होते, पोट पुढे आलं होतं, रस्त्याने जाणारे वाकून पाहत होते. कापसाच्या जिनिंगचं आवार हंगाम संपल्यामुळे रिकामं पडलं होतं, तिथे गाडी नेली. जुनी पोती टाकून रेषा केली. बेबीताईंनी गाडी काढली. पोती जवळ आली, मारोतरावांचा पाय मांडीतून सुटायला लागला. मागून आवाज आला, "मारोतराव, पाय वर!" गाडी पोती ओलांडून गेली. पुन्हा. पुन्हा ओलांडली. चौथ्यांदा बेबीताईंनी इतका जोरात ब्रेक मारला की मारोतराव मांडीसकट पुढे गेले आणि कपाळ काचेवर आपटलं.

पण त्यांच्या कपाळापेक्षा मला माझंच सांगायचं आहे. त्या वेळी मी खाली गेलो, आणि माझ्यावर कोणाचाही पाय नव्हता. पलीकडून, सळईतून, बेबीताईंच्या अनवाणी पायाचा दाब माझ्यापर्यंत आला होता. जुळ्या भावांपैकी रोज मीच दुसऱ्याला खाली ओढत होतो. त्या दिवशी त्याने मला ओढलं. लाजेने मान खाली जाते असं माणसं म्हणतात. माझी तशीच गेली, पण बरं वाटलं.

महिनाभर हे चाललं. पुढच्या कॅम्पाला त्याच मॅडम होत्या. गाडी रेषेच्या आत एक हात थांबली. मॅडमचे पाय सीटखालीच राहिले.

परवा बेबीताई पेढे घेऊन आल्या, स्वतःच्या गाडीतून. पुंडलिकराव डाव्या सीटवर होते. दिग्रस ते यवतमाळ आणि परत, अशा सहा फेऱ्या झाल्या म्हणे. मारोतरावांना सांगताना त्या हसत होत्या, "हे अजून वळन आलं का खाली पाय दाबते. तिथं काई नाही, नुसती चटई. मंग मले म्हना लागते, अहो, पाय वर घ्या."

पुंडलिकराव लाजून काठीशी चाळा करत राहिले.

जाताना बेबीताईंनी आमच्या गाडीच्या स्टेअरिंगला हात लावून नमस्कार केला. माझ्याकडे पाहिलं, पण हात लावला नाही. ते योग्यच झालं.

मी अजून याच गाडीत आहे, असायलाही हवं, कारण कधीतरी बकरीचं पिलू खरंच धावत आडवं येतं. मारोतराव आता मांडी घालून शिकवतात, अगदीच अंगावर आलं तर पाय टाकतात, आणि "हा मी मारला बरं" असं कबूल करतात. पण आधी माझ्या भरवशावर पास झालेली माणसं रस्त्यांवर आहेत. वणीच्या कोळशाच्या ट्रकांमध्ये कोणी असेल, उमरखेडच्या बाजारात कोणी. त्यांना वाटतं, आपल्याला ब्रेक मारता येतो. त्यांच्यापैकी कोणी हे वाचत असेल तर हात जोडून, म्हणजे माझ्यापाशी हात नाहीत, पण विनंती आहे. एकदा रिकाम्या मैदानात जा. चप्पल काढा. आणि खरा, स्वतःच्या पायाचा, एक ब्रेक मारून पाहा. आधीचे सगळे मी मारले होते.